फुकटचा क्यूआर कोड आणि छापून आलेले ४००० पाऊच



या आठवड्याच्या व्हिडिओत मी क्यूआर कोड बनवून दाखवला. व्हिडिओत हात भराभर चालतो, पण हे असंच का करायचं ते सांगायला वेळ पुरत नाही. म्हणून ते इथे सविस्तर लिहून देतोय. जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

सुरुवात आमच्या बॅचमधल्या एका ताईंपासून करतो. सांगली जिल्ह्यातल्या. कांदा-लसूण मसाला करतात, घरातूनच सुरू केलेला धंदा, आता गावातल्या चार बायका त्यांच्याकडे कामाला येतात. त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचे पाऊच छापले, डिजिटल प्रिंटिंगवर ४००० नग. पाऊचच्या मागे क्यूआर कोड. स्कॅन केला की मसाल्याची आमटी कशी करायची त्याचा व्हिडिओ, आणि खाली ऑर्डरसाठी व्हॉट्सॲप. कल्पना एकदम झकास. कोड पुतण्याने बनवून दिला होता. गूगलवर 'फ्री क्यूआर कोड' असं टाकलं, पहिली जी साइट आली तिच्यावर ईमेल देऊन खातं उघडलं, दोन मिनिटांत कोड तयार. छापायच्या आधी स्कॅनही करून पाहिला, चालला.

पाऊच आले, माल भरला, विक्री सुरू झाली. तीन आठवड्यांनी पुण्याहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "ताई, तुमचं पाकीट स्कॅन केलं तर इंग्रजीत कायतरी येतंय, कोड बंद आहे म्हणून." पुतण्याने जाऊन पाहिलं. 'फ्री' म्हणजे १४ दिवसांची ट्रायल होती. ती संपली होती. कोड पुन्हा सुरू करायचा तर वर्षाला काही हजार रुपये भरा, नाहीतर विसरा.

ताईंनी मला एकच प्रश्न विचारला. "सर, कोड माझ्या पाकिटावर छापलाय, छपाईचे पैसे मी दिलेत. मग तो बंद करणारा दुसरा कोण?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. याचं उत्तर कळलं की क्यूआर कोडमधलं निम्मं तरी कळलंच म्हणून समजा.

आधी कोडमध्ये असतं काय ते बघू

क्यूआर कोड म्हणजे मजकूर. बस. आपण अक्षरांत लिहितो तेच तिथे काळ्या-पांढऱ्या चौकोनांत लिहिलेलं असतं. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा यांच्या टीमने तो तयार केला. आधी उभ्या रेघांचे बारकोड वापरायचे, पण त्यात थोडेच आकडे मावायचे, म्हणून एकेका खोक्यावर पाच-दहा बारकोड मारावे लागायचे आणि कामगार स्कॅन करून करून वैतागायचे. तीन कोपऱ्यांत जे मोठे चौकोन दिसतात ना, ते स्कॅनरला 'कोड इथे आहे आणि याच्याकडून बघायचा' हे सांगण्यासाठी. त्यामुळे कोड तिरका धरा, उलटा धरा, वाचला जातोच.

आपल्या कामाची गोष्ट ही की कंपनीकडे पेटंट असूनही तिने तो हक्क न गाजवता कोड सगळ्यांना वापरायला मोकळा ठेवला. म्हणजे क्यूआर कोड बनवायला कुणाची परवानगी लागत नाही, कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. आणि कोडला एक्सपायरी डेट नसते. आज कागदावर छापलेला कोड, कागद टिकला तर तीस वर्षांनीही तोच मजकूर सांगेल.

खात्री करायची असेल तर एक गंमत करा. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय बंद करा आणि कुठलाही कोड कॅमेऱ्याने स्कॅन करा. आतला मजकूर किंवा लिंक तरीही दिसेल. वाचायचं काम फोन स्वतःच करतो, इंटरनेट लागतं ते त्या लिंकवर पुढे जायला.

मग ताईंचा कोड बंद कसा पडला? तर तो बंद पडलेलाच नव्हता. तो इमाने इतबारे आतला मजकूर सांगत होता. फक्त आत जो पत्ता लिहिलेला होता तो ताईंचा नव्हता, त्या साइटचा होता.

जुन्या काळी गावाहून शहरात शिकायला आलेल्या पोराच्या पत्रावर काय लिहायचे? नाव पोराचं, खाली 'द्वारा' आणि मग खोलीमालकाचं नाव-पत्ता. पत्र मालकाच्या घरी जायचं, मालक वरच्या खोलीत नेऊन द्यायचा. मालकाशी बिनसलं की पत्रं थांबली. ताईंचा कोड असा 'द्वारा'वाला होता. गिऱ्हाईक स्कॅन करायचं, आधी त्या साइटवर जायचं, साइट त्याला ताईंच्या व्हिडिओकडे वळवायची. १४ दिवस वळवलं, मग दार लावून घेतलं.

या प्रकाराला डायनॅमिक कोड म्हणतात. ज्याच्या आत थेट तुमचाच पत्ता असतो तो स्टॅटिक कोड. बहुतेक साइटवर हे दोन्ही मिळतात, पण ठळक बटण डायनॅमिकचं असतं, कारण पैसे त्यात आहेत. आपण गडबडीत तेच दाबतो.

डायनॅमिक वाईट असतो असं मी म्हणणार नाही. त्याचे दोन खरे फायदे आहेत. छापून झाल्यावरही आतून पुढचा पत्ता बदलता येतो, आणि किती जणांनी स्कॅन केलं त्याचा हिशोब मिळतो. माल आठ-दहा शहरांत जात असेल, दर दिवाळीला ऑफर बदलत असेल, तर पैसे भरून घ्या की, हरकत नाही. पण ते भाडं आहे हे माहीत असताना घ्या. भाडं थकलं तर बाजारात गेलेली सगळी पाकिटं एका रात्रीत मुकी होतात, हे धरून चालायचं.

तुमचा कोड कुठल्या प्रकारचा ते ओळखायला अर्धं मिनिट लागतं. स्कॅन करा आणि लिंक उघडायच्या आधी स्क्रीनवर जो पत्ता दिसतो तो नीट वाचा. त्यात तुमच्या वेबसाइटचं नाव किंवा तुमचा व्हॉट्सॲप नंबर दिसला तर कोड तुमचा. भलतंच कुठलं तरी छोटं नाव आणि पुढे चार-सहा विचित्र अक्षरं दिसली तर तो 'द्वारा'वाला. पुतण्याने चाचणी केली होती हो, पण व्हिडिओ चालतोय एवढंच पाहिलं, पत्ता वाचलाच नाही. आपणही नाही वाचत.

मग पत्ता कुठला द्यायचा

ज्यांच्याकडे स्वतःचं डोमेन आहे त्यांनी बिनधास्त तेच वापरा. नसेल आणि पॅकिंग छापायचं असेल, तर मी म्हणेन एक डोमेन घ्याच. साधं डोमेन वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतं. पूर्ण वेबसाइट बनवायची गरज नाही. तुमच्या डोमेनच्या नावापुढे तिरकी रेघ आणि 'मसाला' किंवा 'लोणचं' असा एखादा छोटा शब्द इंग्रजी अक्षरांत, एवढा पत्ता कोडमध्ये टाका. तिथून पुढे माणसाला यूट्यूबवर पाठवायचं की व्हॉट्सॲपवर, ते तुम्ही आतून ठरवा. उद्या व्हिडिओ बदलला, फक्त आतली दिशा बदलायची, पाकीट तेच. म्हणजे डायनॅमिकचा मोठा फायदा मिळाला आणि खोलीमालक तुम्हीच. मात्र डोमेनचं रिन्यूअल चुकवू नका. ते ज्या ईमेलवर घेतलंय तो ईमेल धंद्याचा असू द्या, वेबसाइट करून देणाऱ्या पोराचा नको. हा घोटाळा मी कोडपेक्षाही जास्त वेळा पाहिलाय.

डोमेनच्या भानगडीत पडायचं नसेल तर थेट व्हॉट्सॲपची लिंक टाका. डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, मग ९१ आणि लगेच तुमचा दहा आकडी नंबर. अधिकचं चिन्ह नाही, मध्ये स्पेस नाही, शून्य नाही. घरगुती धंद्यासाठी मला हा पर्याय सगळ्यात आवडतो. नंबर आपण सहसा बदलत नाही आणि गिऱ्हाईक थेट तुमच्याशी बोलायला येतं. व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर त्यातच तुमचा क्यूआर तयार मिळतो.

गूगलवर दुकानाची नोंद असलेल्यांनी रिव्ह्यूची लिंक तिथूनच घ्यावी. बिझनेस प्रोफाइलमध्ये रिव्ह्यू मागण्याचा पर्याय असतो, तिथे लिंक आणि कोड दोन्ही मिळतं.

लॉज किंवा होमस्टे असेल तर वायफायचाही कोड बनतो. त्यात नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड लिहिलेला असतो, पाहुण्याने स्कॅन केलं की फोन जोडला जातो. फक्त पासवर्ड बदललात तर कोड नवीन छापावा लागेल. आणि हा पासवर्ड कोड वाचणाऱ्या कुणालाही दिसतो, तेव्हा गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरचं नेटवर्क पाहुण्यांना देऊ नका.

कोड बनवायचा कसा

यासाठी कुठेही खातं उघडायची गरज नाही. कॉम्प्युटरवर क्रोम ब्राउझरमध्ये तुमचं पान उघडा, शेअरच्या पर्यायात क्यूआर कोड बनवायची सोय आहे. मध्यभागी छोटा डायनोसॉर येतो, पोरांना आवडतो. बॅनरसाठी, घरच्या प्रिंटसाठी चालेल.

पॅकिंग छापायचं असेल तर मात्र मी लिबरऑफिस किंवा इंकस्केप सांगतो. दोन्ही फुकट आहेत, आणि हे फुकट खरोखरचं फुकट. लिबरऑफिसमध्ये इन्सर्ट मेनूत क्यूआर आणि बारकोडचा पर्याय आहे. इंकस्केपमध्ये एक्स्टेन्शन्स, मग रेंडर, मग बारकोड असं जायचं. तुमचा मजकूर टाका, कोड तयार. दोन्हीकडे कोड चित्र म्हणून नाही तर रेखाटन म्हणून तयार होतो, कितीही मोठा केला तरी कडा फाटत नाहीत. एसव्हीजी किंवा पीडीएफ करून प्रेसला द्यायचा.

आणि हात जोडून सांगतो, कोडचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर डिझायनरला पाठवू नका. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, कडा धुरकट होतात. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ईमेल करा.

जेवढं कमी लिहाल तेवढा कोड सुटसुटीत

ही गोष्ट मराठी माणसाला जास्त लागू आहे, कशी ते बघा.

कोडमध्ये मजकूर वाढला की चौकोनांची संख्या वाढते. सगळ्यात लहान कोड २१ बाय २१ चौकोनांचा, सगळ्यात मोठा १७७ बाय १७७ चा. पाकिटावर जागा मात्र तेवढीच. म्हणजे चौकोन वाढले की प्रत्येक चौकोन बारीक होणार.

वर सांगितलेली नुसती व्हॉट्सॲप लिंक सगळी धरून २६ अक्षरांची होते. ती २५ बाय २५ च्या कोडमध्ये बसते. दोन सेंटिमीटरचा कोड छापला तर एक चौकोन ०.८ मिलिमीटरचा. छान, ठसठशीत.

आता आपल्याला वाटतं, गिऱ्हाइकाला टाइप करायला नको, संदेश आधीच भरून ठेवू. 'मला मसाला हवा आहे.' केवढासा तो संदेश! पण कॉम्प्युटरच्या हिशोबात देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं. काना, मात्रा, अनुस्वार वेगवेगळे मोजायचे. आणि लिंकमध्ये तर प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. म्हणजे एका चिन्हाची नऊ. हा चार शब्दांचा संदेश लिंकमध्ये १३५ अक्षरं खातो. एकूण लिंक २६ वरून १६७ वर गेली, कोड २५ वरून ५३ बाय ५३ वर गेला आणि त्याच दोन सेंटिमीटरमध्ये चौकोन राहिला ०.३८ मिलिमीटरचा. प्लॅस्टिकवर शाई जराशी पसरली, संपलं.

म्हणून कोडमध्ये भरलेला संदेश नको, किंवा हवाच असेल तर इंग्रजी अक्षरांत एखादा शब्द. मराठी कोडच्या आत घुसवायची नाही, कोडच्या बाहेर मोठ्या अक्षरांत लिहायची. 'रेसिपी बघायला स्कॅन करा.' 'पुन्हा मागवायला स्कॅन करा.' नुसता कोड छापलेला असेल तर लोक स्कॅन करत नाहीत, आणि का करावा? आत काय आहे हे त्याला कसं कळणार? शिवाय कोडच्या खाली तोच नंबर साध्या आकड्यांतही छापा. चुलीपाशी बसून पाकीट फोडणाऱ्या आजींनाही मसाला पुन्हा मागवायचा असतो.

मध्ये लोगो टाकायचा का, हे दर बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच. टाकता येतो. कोडमध्ये थोडा भाग खराब झाला तरी वाचता यावं म्हणून जादा माहिती भरून ठेवलेली असते. तिच्या चार पायऱ्या आहेत, साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के नुकसान सोसणाऱ्या. लोगो म्हणजे आपणच मुद्दाम केलेलं नुकसान. त्यासाठी वरची पायरी घ्यावी लागते, मग चौकोन आणखी वाढतात. शिवाय वापरून, चुरगळून, तेलाचा हात लागून होणाऱ्या खऱ्या नुकसानीसाठी जागा उरत नाही. माझं मत विचाराल तर पाकिटावर लोगो आधीच आहे, तो परत कोडच्या पोटात कशाला?

छपाईच्या वेळी कुठे माती होते

कोडच्या चारी बाजूंनी मोकळी पांढरी कड लागतेच. किती? कोडमधले चार चौकोन बसतील एवढी. डिझायनरला ती मोकळी जागा बघवत नाही, तो तिथपर्यंत मिरचीचं चित्र आणतो. आणू द्यायचं नाही.

रंग म्हणाल तर पांढऱ्यावर काळा. गडद रंगावर पांढरा कोड दिसायला भारी वाटतो, पण काही फोनना तो वाचता येत नाही. प्रेसवाल्याला सांगा, कोड फक्त काळ्या शाईत टाका. चार रंग मिसळून केलेला काळा असेल आणि छपाईत एखादा रंग केसभर सरकला, तर प्रत्येक चौकोनाला सावली पडल्यासारखं होतं.

पारदर्शक पाऊच वापरणाऱ्यांनी तर विशेष काळजी घ्या. रिकामा पाऊच पांढऱ्या टेबलावर ठेवून स्कॅन केला की चालतो. आत लालभडक मसाला भरला की काळ्या कोडच्या मागे लाल दिसणार, आणि फोन गोंधळणार. कोडखाली आधी पांढऱ्या शाईचा पॅच मारायला सांगायचं. चंदेरी फॉइलचंही तेच, ट्यूबलाइटखाली चमकतं आणि कोड दिसेनासा होतो. लोणच्याच्या बरणीवर कोड लहान ठेवा, बरणीच्या गोलाईवर फार रुंद गेला तर कडा मागे वळतात.

आकाराचा एक ढोबळ हिशोब लक्षात ठेवा, जेवढ्या अंतरावरून स्कॅन करणार त्याच्या दहावा भाग. हातातल्या पाकिटावर दोन सेंटिमीटर पुरे. दुकानाच्या बोर्डावर, दीड मीटरवरून स्कॅन करायचा असेल तर १५ सेंटिमीटर. रस्त्याच्या पलीकडे लावलेल्या फ्लेक्सवर मात्र कोड टाकूच नका. चालत्या गाडीवरून कोण स्कॅन करतंय? तिथे नंबर मोठा लिहा.

पैसे घेण्याचा कोड ही वेगळी गोष्ट

वडापावच्या गाडीपासून सराफापर्यंत सगळ्यांकडे जो कोड दिसतो तो यूपीआयचा. यूपीआय २०१६ साली सुरू झालं. त्या कोडच्या आतही साधा मजकूरच असतो. पैसे कुठल्या यूपीआय आयडीवर जायचे, नाव काय, आणि हवी असेल तर रक्कम. रक्कम नसली की गिऱ्हाईक स्वतः टाकतं.

पूर्वी एका ॲपचा कोड दुसऱ्याने वाचला नाही असंही व्हायचं. रिझर्व्ह बँकेने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं की कुणीही फक्त स्वतःपुरता चालणारा नवीन कोड काढायचा नाही, आणि जुने ३१ मार्च २०२२ पर्यंत सगळीकडे चालणाऱ्या कोडवर आणायचे. म्हणून आता काउंटरवर चार-पाच ॲपचे स्टँड मांडून ठेवायची गरज नाही. एक पुरतो. उलट जितके जास्त कोड, तितकं कुठले पैसे कुठल्या खात्यात आले हे शोधणं अवघड.

इथे खरा धोका वेगळा आहे. कागदावरचा कोड माणसाच्या डोळ्याला सगळा सारखाच दिसतो. तुमचा कुठला आणि चोराचा कुठला, बघून कळणारच नाही. २०२५ च्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या खजुराहोत रात्रीतून दुकानांच्या आणि पेट्रोल पंपाच्या बाहेरच्या कोडवर दुसरेच कोड चिकटवले गेले. गिऱ्हाइकं पैसे देत राहिली, पैसे भलत्याच्या खात्यात.

उपाय काही फार मोठा नाही. कोड शटरच्या बाहेर चिकटवून घरी जायचं नाही, स्टँड असेल तर रात्री आत घ्यायचा. सकाळी अगरबत्ती लावता ना, तेव्हाच आपल्या फोनवरून एकदा स्कॅन करून नाव बघायचं. पैसे पाठवायची गरज नाही, स्क्रीनवर दुकानाचं नाव आलं की झालं. गिऱ्हाइकालाही विचारायची सवय लावा, "नाव काय येतंय बघा." साउंडबॉक्स असेल तर आवाज आल्याशिवाय माल पुढे सरकवायचा नाही. त्याच्या फोनवरचा हिरवा टिक म्हणजे पैसे आले असं नसतं.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पैसे घेण्यासाठी आपल्याला कधीही स्कॅन करावं लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. "मोठी ऑर्डर आहे, ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा" असा फोन आला की तिथेच ठेवून द्यायचा.

पाकिटावर यूपीआयचा कोड छापू नका, हेही सांगतो. तुमचं पाकीट किराणा दुकानात विकलं जातं, तिथे पैसे दुकानदाराला द्यायचे असतात. उगाच गोंधळ. आणि उद्या बँक बदलली तर बाजारातली पाकिटं कुठे कुठे शोधणार?

ताईंचं पुढे काय झालं

तोपर्यंत साधारण ११०० पाऊच विकले गेले होते, २९०० शिल्लक होते. शिल्लक पाऊचवर आम्ही स्टिकर मारायचं ठरवलं. स्टॅटिक कोड, आत नुसती व्हॉट्सॲपची लिंक, जुन्या कोडपेक्षा थोडं मोठं पांढरं स्टिकर, म्हणजे खालचा पूर्ण झाकला जाईल. अर्धवट झाकला तर फोन दोन्हींमध्ये अडखळतो. सगळ्या बायकांनी मिळून दोन संध्याकाळी ते काम उरकलं. खर्च वर्षाच्या फीपेक्षा बराच कमी आला.

पण जी ११०० पाकिटं लोकांच्या घरी पोचली होती, त्यांचं काय करणार? त्यांच्यावर स्टिकर कोण लावणार? ताई म्हणाल्या, "पहिल्यांदा घेतलेली माणसं आहेत ती, सर. त्यांनाच परत मागवायचं असेल." त्या साइटवर महिन्याचाही प्लॅन होता. तीन महिन्यांचे पैसे भरले, तेवढ्यात मसाला संपतो. आणि तो जुना कोड यूट्यूबऐवजी थेट व्हॉट्सॲपकडे वळवला, म्हणजे जे कुणी स्कॅन करेल त्याचा नंबर ताईंकडे येईल. मला हा निर्णय आवडला. पैसे भरावे लागले याचा राग होताच, पण गिऱ्हाईक रागापेक्षा महाग असतं.

पुढच्या छपाईच्या वेळी ताईंनी प्रेसवाल्याकडून आधी एकच नमुना पाऊच मागून घेतला. त्यात मसाला भरला, सील मारलं, आणि स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली तीन फोनवर स्कॅन केला. त्यांचा स्वतःचा, पुतण्याचा आणि सासूबाईंचा काच तडकलेला जुना अँड्रॉइड. पहिल्या दोघांवर चालला. सासूबाईंच्या फोनवर नाही, कारण पाऊच भरून फुगल्यावर कोडची खालची कड तळाच्या घडीत जात होती. रिकाम्या पाऊचवर हे दिसलंच नसतं. डिझायनरला फोन करून कोड दीड सेंटिमीटर वर घ्यायला लावला, नमुना परत मागवला, परत भरला. सासूबाईंच्या फोनवर पत्ता दिसला, ताईंनी तो मोठ्याने आकडा आकडा वाचला, आणि मग छपाईला होकार दिला.